रॉड कुणाच्या हातात?

जर्मनीत तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगायचे, "मासे पकडते." विचारणारा आधी हसायचा, मग मी हसत नाही हे पाहून गडबडायचा आणि स्वतःच्या कंपनीबद्दल बोलू लागायचा. म्युनिकच्या मराठी मंडळींत निम्मे संगणकवाले, उरलेले मोटारीवाले. त्यांच्याकडे दिवाळीच्या फराळाला जायचं असलं की मी आधी हाताला दोनदा लिंबू चोळायचे. तरी एखादी वहिनी नाक जरा वर करायचीच. त्याचं मला काही वाटत नव्हतं असं म्हणणार नाही. वाटायचं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर गेले की विसरून जायचे.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं, तळ्यांच्या मुलखातलं. वडील तलाव सोसायटीचे मासेमार. पोरीने शिकून या चिखलातून बाहेर पडावं म्हणून त्यांनी पोटाला चिमटा काढून मला शिकवलं, आणि पोरगी शिकली तेही मत्स्यशास्त्रच. पुढे शिष्यवृत्ती मिळून जर्मनीत संशोधनाला आले. संशोधन संपलं, पण ज्या तळ्यावर ते केलं ते तळं काही मला सोडवेना. तिथल्या मासेमारांच्या सहकारी संस्थेत नोकरी धरली आणि दोन हजारनंतरचं जवळजवळ अख्खं दशक तिथे काढलं. "एवढी विमानं बदलून गेलीस ती पुन्हा तळ्याच्याच काठी बसायला?" असं वडील फोनवर म्हणाले होते. रागावले होते, पण फोन ठेवायच्या आधी तिथे कुठले मासे मिळतात हे त्यांनी नीट विचारून घेतलं.

तळ्याचं नाव सांगत नाही. म्युनिकच्या दक्षिणेला, आल्प्सच्या पायथ्याशी आहे, एवढं पुरे. चांगली जागा गावभर सांगत सुटणाऱ्याला मासेमार दुसऱ्यांदा बोटीत घेत नाहीत, आणि ती सवय मला निवृत्तीनंतरही मोडता आलेली नाही. आमच्या संस्थेचं काठावर एक लहानसं उबवणी केंद्र होतं. माशांची अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची आणि तळ्यात सोडायची, हे मुख्य काम. या कामाचा खर्च निघावा म्हणून आम्ही हंगामात हौशी मासेमारांना बोटीतून न्यायचो. त्यांना हवा असायचा एकच मासा. त्याचं जर्मन नाव झेफोरेले, म्हणजे तळ्यात राहणारी ब्राऊन ट्राउट.

ट्राउट म्हटलं की आपल्याकडे हिमाचलच्या ओढ्यातला वीतभर मासा डोळ्यांसमोर येतो. झेफोरेले त्याच जातीची, पण हिचा थाट वेगळा. ओढ्यात जन्मते, लहानपणी तळ्यात उतरते, आणि एकदा दुसरे मासे खायला शिकली की वाढतच जाते. अंगाने रुपेरी, पाठीवर काळ्या फुल्या, आणि खांदे (माशाला खांदे नसतात हे मला माहीत आहे, पण हिला आहेत) पैलवानासारखे. माणसाच्या पायाएवढी लांब झेफोरेले पहिल्यांदा पाण्याबाहेर पाहिली तेव्हा मला शास्त्रीय नाव आठवलं नाही. तोंडातून "अगं बाई!" एवढंच निघालं.

तिला पकडायचं तर ऋतू कळायला हवा. मार्चमध्ये मासेमारीवरची बंदी उठते तेव्हा तळं वरपासून खालपर्यंत सारखंच गार असतं. बारीक मासे उन्हाला वर येतात आणि त्यांच्या मागे ही येते. म्हणून वसंतात आमिष वरच ठेवायचं, पण बोटीपासून खूप लांब, कारण वरच्या पाण्यातला मासा बोटीला बुजतो. मागे लांब दोऱ्या सोडून हळूहळू बोट चालवत राहायचं, याला इथे श्लेपन म्हणतात. वेग किती, तर बाजारात काही घ्यायचं नसताना माणूस चालतो तितका. सरळ रेषेत जायचं नाही. नागमोडी जायचं, म्हणजे वळणावर बाहेरचं आमिष पळतं आणि आतलं जरा बुडतं. घाबरून पळणारा किंवा जखमी होऊन बुडणारा, असे दोनच मासे झेफोरेलेला आवडतात. आमिष म्हणजे शिंपल्याच्या आतल्या चकचकीत थराचा, चमच्याच्या आकाराचा तुकडा. पाणी हललेलं आणि आभाळ भरलेलं हवं. पर्यटक ज्या दिवसाला सुंदर म्हणतात तो दिवस आमच्या कामाचा नाही.

एकदा हॅम्बर्गहून एक गृहस्थ आले. बंदरात मोठ्या हुद्द्यावर होते म्हणे. त्यांच्या तीन पेट्यांत नुसती आमिषं, रंगांप्रमाणे लावलेली. पहिला दिवसभर ते दर थोड्या वेळाने आमिष बदलत राहिले. मी सांगून पाहिलं की आमिष पाण्यात असलं तर मासा लागण्याची शक्यता वाढते. ते म्हणाले, "बाई, मी हा विषय वाचलेला आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी एक आमिष सोडलं आणि नेमके बोटीतच घोरायला लागले. त्यामुळे ते आमिष दुपारपर्यंत कुणी बदललं नाही आणि त्यावर त्या हंगामातली सगळ्यात देखणी झेफोरेले लागली. परत जाताना त्यांनी एक अख्खी पेटी मला भेट दिली. मी ती घेतली. उगाच नाही कशाला म्हणायचं?

उन्हाळ्यात सगळंच उलटं. वरचं पाणी तापतं, खालचं गारच राहतं, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. न ढवळलेल्या अंघोळीच्या बादलीत वर कढत आणि तळाशी गार असतं, अगदी तसं. या दोन पाण्यांच्या सीमेखाली झेफोरेले उभी असते. आधी दोरीला थर्मामीटर बांधून ती सीमा शोधायची, मग शिशाचा गोळा लावलेली जाड दोरी सोडायची आणि तिच्यावर वेगवेगळ्या खोलीला आमिषं टांगायची. सूर्य डोंगरावर यायच्या आत निघायचं, ऊन चढलं की परतायचं. जुलैत गिऱ्हाईक भरपूर आणि मासा कमी. एक नवराबायको आले होते, त्यांचं आपसांत बोलणं बंद होतं, आणि दोघंही माझ्यामार्फत बोलायचे. "तिला सांगा, दोर फार सैल आहे." "त्याला सांगा, स्वतःच्या दोराकडे बघ." मासा लागला नाही, पण उतरताना दोघं मिळून मला नावं ठेवत होते. तेवढी तरी एकी झाली.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगावी लागते. गंमत म्हणून मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा, हे जर्मनीत चालत नाही. तो प्राण्याचा छळ धरतात. बंदीचा काळ नसेल आणि मासा मापात बसत असेल तर तो तिथल्या तिथे नीट मारायचा आणि खायचा. त्यासाठी परीक्षा देऊन लायसन घ्यावं लागतं, आणि लायसन नसलेल्याने रॉडला, म्हणजे गळाच्या काठीला, हातसुद्धा लावायचा नाही. मला हा नियम पटतो. खाणार असाल तर पकडा, नाहीतर त्याच्या वाटेला जाऊ नका, असं माझे वडीलही म्हणायचे.

आता रेनाटेबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे आहे. रेनाटे आमच्या केंद्राची प्रमुख. उंच, रुंद, बोलायला फटकळ. पहिल्याच आठवड्यात तिने मला सांगितलं होतं, "तुझा प्रबंध मी वाचला. चांगला आहे. आता हौद घास." तिच्या आधी तिचे वडील तिथे प्रमुख होते. या तळ्याची झेफोरेले दर शरद ऋतूत एकाच ओढ्यात चढते. बापलेकींनी त्याच माशांची अंडी घेऊन, त्यांचीच पिल्लं पुन्हा तळ्यात सोडत हा वंश टिकवला होता. ओढ्यावर बांध झाल्यावर मासे पुढे जाऊ शकत नव्हते. बांधाच्या खाली जे येतील ते हलकेच धरायचे, अंडी घ्यायची आणि मासे परत सोडायचे. शेजारच्या तळ्यांत बाहेरून आणलेली अंडी वाढवतात. आमच्या तळ्यातली झेफोरेले मात्र आमच्याच तळ्यातली होती. रेनाटेला याचा अभिमान होता. ती तो बोलून दाखवायची नाही, पण कुणी दुसऱ्या तळ्याचा मासा मोठा आहे म्हटलं तर दिवसभर तोंड फिरवून असायची.

मी सांगते आहे त्या वर्षापर्यंत सलग दोन हंगाम बांधाखाली एकही मादी आली नव्हती. नर यायचे, खालच्या जबड्याला आकडी फुटलेले, रागीट चेहऱ्याचे. माद्या नाहीत. संस्थेच्या सभेत ठरलं की या शरदातही अंडी मिळाली नाहीत तर पुढच्या वर्षापासून दुसऱ्या तळ्याची अंडी विकत आणायची. हौद रिकामे ठेवून कुणाचंच चालत नाही, म्हणून रेनाटे काही बोलली नाही. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, "तू याला कंटाळलीस का?" मी नाही म्हटलं. "मग शोधू," ती म्हणाली.

सप्टेंबर हा त्यासाठीचा शेवटचा महिना. रात्री गार होतात, मासा पुन्हा वर येतो आणि हळूहळू ओढ्याच्या मुखाकडे सरकतो. माद्यांची पोटं अंड्यांनी भरलेली असतात. ओढ्यात चढायच्या आधी त्या शेवटचं खाऊन घेतात. महिना संपला की बंदी. आम्हा कर्मचाऱ्यांना सप्टेंबरात एक खास परवानगी होती. आमच्या हाताने धरलेली मादी मारायच्या ऐवजी जिवंत केंद्रात आणता यायची. पाहुण्याने धरलेली मात्र पाहुण्याची, आणि ती मारायचीच. बोटीवर आमचा नियम ठरलेला होता, रॉड ज्याच्या हातात त्याचा मासा. त्या महिन्यात मी आणि रेनाटे रोज फिरलो. लहान नर मिळाले, एकदा एक गंजलेली सायकल मिळाली, मादी काही मिळाली नाही.

महिनाअखेरीस मिलिंद आला. मिलिंद हॅम्बर्गला विमानांच्या कामात इंजिनियर, मूळचा नागपूरचा. जर्मन परीक्षा देऊन लायसन घेतलेला, आणि गेली काही वर्षं दर सप्टेंबरला आमच्या बोटीवर येणारा. त्याला एकदाही मोठी झेफोरेले लागली नव्हती. या वेळी सोबत सासरे होते, रामटेके सर, गणिताचे निवृत्त शिक्षक. मिलिंदची बायको प्रज्ञा बाळंतपणाला टेकली होती, म्हणून सर आणि त्यांच्या पत्नी नागपूरहून मदतीला आले होते. घरात दोन बायकांच्या मध्ये सर नुसते फेऱ्या मारतात म्हणून त्यांना जावयाबरोबर पाठवून दिलं होतं. सरांनी जावयाचा रेनकोट घातला होता, तो त्यांच्या गुडघ्यांपर्यंत येत होता, आणि वर माकडटोपी.

"ताई, ह्या वेळी लागलाच पाहिजे," मिलिंद बोटीत बसता बसता म्हणाला. "प्रज्ञाने डायरेक्ट सांगितलंय, बाळ आलं की तळं बंद. आल्झो, म्हणजे थोडक्यात, हा माझा शेवटचा सप्टेंबर आहे."

"बाळ आल्यावर माणूस तळंच काय, स्वतःचं नावसुद्धा विसरतो," सर म्हणाले.

दिवस हवा तसा होता. आभाळ खाली आलेलं, पाण्यावर बारीक लाटा. मी सुकाणूवर होते, मिलिंदचे दोन रॉड मागच्या खोबणीत उभे होते. ओढ्याच्या मुखापासून थोडं दूर एक वळण घेतलं आणि डावीकडचा रॉड मुळापासून वाकला. रीळ असं किंचाळायला लागलं की सरांनी कानावर हात ठेवले.

अशा वेळी पाहुण्याने झेप घ्यायची असते. हॅम्बर्गचे ते गृहस्थ झोपेतून उठून झेपावले होते. मिलिंद उठला, रॉडकडे वळला, आणि थांबला. सासऱ्यांकडे बघून म्हणाला, "बाबा, तुम्ही घ्या!"

"नाही नाही, मिलिंदराव, तुम्ही घ्या जी," सर म्हणाले.

"अहो, तुम्ही पहिल्यांदा आलात. घ्या ना!"

"छे, छे! जावयाच्या आधी मी हात लावू का? तुमचा मान आहे."

"बाबा, प्लीज, घ्या हो!"

"तुम्ही इतकी वर्षं वाट पाहिली. तुम्हीच घ्या."

शेवटचा गुलाबजाम एकमेकांच्या ताटात ढकलावा तसं दोघांचं चाललं होतं, आणि रिळावरची दोरी भराभर संपत होती. "सरांना लायसन नाही! मिलिंद, तुम्ही उचला!" मी ओरडले. मिलिंदने हात पुढे केला, पण तेवढ्यात सरांनी "हां, घ्या, घ्या" म्हणत मान हलवली आणि तो पुन्हा संकोचला. एकदा तुम्ही घ्या म्हटल्यावर आता स्वतः घ्यायचं कसं? हा प्रश्न मला कळत होता. माशाला कळत नव्हता. दोरीची शेवटची वेटोळी दिसायला लागली तेव्हा मी सुकाणू सोडलं, दोघांच्या मधून हात घातला आणि रॉड उचलला.

पुढे काय झालं ते हातांना जास्त आठवतं. मिलिंदला सुकाणू धरायला लावलं, मग दुसरी दोरी गुंडाळायला लावली, सरांना फक्त बसून राहायला सांगितलं. झेफोरेले तळाला गेली आणि तिथेच बसली. मग एकदम वर आली, पाण्याबाहेर अख्खी उडाली आणि आम्ही तिघेही एकाच सुरात ओरडलो. झेफोरेलेशी जबरदस्ती चालत नाही. ती ओढेल तेव्हा द्यायचं, ती दमेल तेव्हा हळूच घ्यायचं. माझे दंड थरथरायला लागले तेव्हा कुठे ती बोटीच्या कडेला आली. मिलिंदने मऊ जाळी खालून सरकवली आणि डोकं पाण्यातच ठेवून तिला धरलं. इतका मोठा मासा मी त्या तळ्यात त्याआधी एकदाच पाहिला होता. पोट दोन्ही बाजूंनी टम्म भरलेलं. मादी होती.

"ताई, मिळाला! अहो, मिळाला!" मिलिंद ओरडत होता. मी मोबाईल काढला आणि रेनाटेला फोन केला.

ती दुसऱ्या बोटीने हौद आणि प्राणवायूची नळकांडी घेऊन आली. जाळीत डोकावून पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

"आल्झो. आमिष कुणाच्या रॉडवर होतं?"

"याच्या."

"उचलला कुणी?"

"मी."

"का?"

मी तिला जर्मनमध्ये समजावलं की जावयाने सासऱ्यांना घ्या म्हटलं आणि सासऱ्यांनी जावयाला. ती ऐकत राहिली. "म्हणजे दोघांनाही मासा हवा होता, आणि म्हणून दोघांनीही घेतला नाही?"

"हो," मी म्हटलं.

"बोटीच्या नियमाने मासा तुझा," रेनाटे म्हणाली. "पण रॉड त्याचा, दिवस त्याचा, आमिष त्याचं. मी पाहुण्याचा मासा चोरणार नाही. त्याला विचार. तो माझा म्हणाला तर आत्ता, इथे मारायचा, आणि मी एक शब्द काढणार नाही. नुसतं विचार. रडगाणं गाऊ नकोस."

हे सांगताना ती माशाकडे बघत नव्हती. दोन वर्षं जिची वाट पाहिली ती हाताच्या अंतरावर होती, आणि ही बाई डोंगराकडे बघत होती. मी आयुष्यात पुष्कळ प्रामाणिक माणसं पाहिली, पण प्रामाणिकपणा त्यांच्यापैकी कुणाला इतका महाग पडलेला पाहिला नाही.

मी मिलिंदला विचारलं, आणि रडगाणंही गायले. रेनाटेला मराठी येत नव्हतं. मराठीचा एवढा उपयोग मला जर्मनीत कधी झाला नव्हता. दोन रिकामे हंगाम, सभेतला निर्णय, रेनाटेचे वडील, सगळं सांगितलं. वर हेही सांगितलं की तुमचा हक्क आहे, तुम्ही माझा म्हणालात तर कुणी काही म्हणणार नाही.

मिलिंद ऐकून घेत होता. जाळीची मूठ त्याच्याच हातात होती. "ताई, मी प्रज्ञाला काय फोटो दाखवणार?" एवढं म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते वाऱ्यामुळे आलं असं दाखवायचा तो प्रयत्न करत होता. मला वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं.

सर पुढे झुकून पाण्यात पाहत होते. त्यांनी मला विचारलं, "पोटुशी आहे का जी ही?"

"हो, सर. पाचसहा आठवडे आहेत अजून."

सरांनी जावयाकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळलं. माकडटोपी सारखी करत ते मागे सरकून बसले.

मिलिंदने रेनाटेकडे पाहिलं आणि स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाला, "रॉड मी हातात घेतलाच नाही. गेनाऊ, अगदी असंच झालं. मासा या बाईंचा आहे. माझे सासरे साक्षीदार आहेत."

सरांना जर्मन येत नव्हतं, तरी त्यांनी जोरात मान हलवली. रेनाटेने डोक्यावरची टोपी काढली. ती चर्च सोडून कुठे टोपी काढत नसे. मग तिने मिलिंदला बाही वर करायला सांगितलं आणि मासा हौदात सोडण्याचं काम त्याच्याकडून करवून घेतलं. दोन्ही हात पाण्यात, एक शेपटीशी, एक पोटाखाली. फोटो नाहीच काढू दिला. "पाण्याबाहेर नाही," एवढंच म्हणाली. मिलिंदला झेफोरेलेचं वजन हातांवर किती लागलं असेल ते असेल. काठावर पोचेपर्यंत तो ओले हात मांडीवर ठेवून बसला होता.

पकडलेली जंगली मादी हौदात जगवणं सोपं नसतं. ती खात नाही, भिंतीवर नाक घासते, अंगाला बुरशी धरते. आम्ही हौदावर काळी ताडपत्री टाकली, ओढ्याचंच पाणी सोडलं आणि आसपास कुणाला मोठ्याने बोलू दिलं नाही. रेनाटे, जिचा आवाज तळ्यापलीकडे जायचा, ती महिनाभर हळू बोलत होती. सर दर रविवारी हॅम्बर्गहून फोन करायचे. "काय म्हणते आपली पोर?" मी सांगायचे, बरी आहे, सर. ऑक्टोबरच्या शेवटी एका रविवारी फोन आलाच नाही, आणि पुढच्या रविवारी मागे तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती. मिलिंदने फोन घेऊन "ताई, झोप म्हणजे काय असतं हो?" असं विचारलं आणि ठेवून दिला.

नोव्हेंबरात एका धुक्याच्या सकाळी रेनाटेने मादीच्या पोटावरून बोटं फिरवली आणि मान हलवली. तयार होती. मासा गुंगवायला पाण्यात लवंगेचं तेल टाकतात, त्यामुळे केंद्रात त्या दिवशी मसालेभाताच्या घरासारखा वास सुटतो. ती शांत झाल्यावर मी तिला ओल्या टॉवेलात धरलं आणि रेनाटेने पोटावरून खाली हात ओढला. केशरी अंडी कोरड्या भांड्यात सरसर पडायला लागली, थांबेचनात. मग बांधाखालून आणलेल्या नरांचं वीर्य त्यावर घातलं आणि रेनाटेने हंसाच्या पिसाने हळुवार ढवळलं. वडिलांनी शिकवलेलं होतं, पिसानेच ढवळायचं. भांडं भरलं तेव्हा तिने पीस खाली ठेवलं, माझ्याकडे पाठ केली आणि खिडकीबाहेर बघत उभी राहिली. त्या दिवशी मला ती फार आवडली, एवढं लिहून ठेवते.

दुपारपर्यंत बातमी पसरली. संस्थेचे अध्यक्ष आले आणि अंडी किती म्हणून विचारलं. स्थानिक वर्तमानपत्राचा माणूस आला, त्याने अंडी किती म्हणून विचारलं. रेनाटेच्या म्हाताऱ्या आईने फोन करून तेच विचारलं. बाहेरची अंडी विकत आणायचा निर्णय त्या दिवशी बारगळला.

संध्याकाळी मी हॅम्बर्गला फोन लावला. सरांनीच उचलला.

"सर, बाळंतपण झालं. भांडं भरून अंडी मिळाली, एकही वाया..."

"ते राहू दे," सर म्हणाले. "आई कशी आहे?"

मी थांबले. सरांना वाटलं, काही वाईट झालं. घाईघाईने म्हणाले, "नाही, म्हणजे दवाखान्यात मी पाहिलं ना. सगळे बाळ बघायला धावले, मीसुद्धा धावलो. आमच्या प्रज्ञाला पाणी हवं का हे कुणी विचारलंच नाही. तिनेच नंतर सांगितलं. म्हणून म्हटलं."

"सर, आई सुखरूप आहे," मी म्हटलं. "आम्ही तिला दुपारीच ओढ्याच्या मुखाशी नेलं. रेनाटे कमरेएवढ्या पाण्यात उतरली. प्रवाहाकडे तोंड करून तिला धरून उभी राहिली. बराच वेळ मादी हललीच नाही. आम्हाला वाटलं, गेली. मग शेपटी हलली, आणि ती रेनाटेच्या हातातून निघून खोल पाण्यात गेली. पोट अगदी रिकामं होतं, सर. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही."

"कशाला पाहील?" सर म्हणाले. "दमली असेल. आता तिला कुणी हाक मारू नका. खाऊ दे, निजू दे."